लाईट कधी येणार?

रायडिंग जॅकेट विकणारी मुलं हवामानाबद्दल ज्या खात्रीने बोलतात, ती खात्री वेधशाळेलाही कधी जमली नाही. "सर, ऊन, पाऊस, थंडी, बर्फ, काही असू दे, बाराही महिने हे एकच जॅकेट." बर्फ म्हटलं की माझा हात आपोआप खिशात जातो. मी लडाखला जाणार आहे. कधीपासून जाणार आहे, हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ आहे. तोवर सराव म्हणून शहापूर-मुरबाडमार्गे माळशेज घाट.

बाहेर जाड कापड, त्याच्या आत हवं तेव्हा लावायचं पावसाचं अस्तर, त्याच्याही आत थंडीचं अस्तर, आणि मग मी. खांद्यांना, कोपरांना, पाठीला गार्ड. तशीच पँट, गुडघ्यांना गार्ड. नडगीपर्यंत बूट. आईने मला नखशिखांत पाहून घेतलं आणि म्हणाली, "एवढं घालून पडला नाहीस तर पैसे फुकट जायचे."

लेबल मात्र मी कापलं नव्हतं. वापरून बघायचं, नाही पटलं तर बदलून घ्यायचं. मध्यमवर्गीय माणूस साहसालाही पावती जपूनच निघतो.

पडघा, वाशिंद, आसनगाव. माहुली दिसला, म्हणजे जिथे माहुली असायला हवा तिथला ढग दिसला. शहापुरात शिरता शिरता पाऊस आला आणि बारमाही जॅकेटातली खरी गोम माझ्या लक्षात आली. पावसाचं अस्तर आतून लावायचं असतं. ते लावायला जॅकेट काढावं लागतं. म्हणजे पाऊस आल्यावर माणसाने पहिली गोष्ट कोणती करायची, तर पावसात कपडे काढायचे! पेट्रोलपंपाच्या छपराखाली मी जॅकेट उलटं केलं. मनगटाजवळचे बंद शोधले, गळ्याची चेन लावली, उजवी बाही डावीकडे घातली, पुन्हा काढली. पंपावरचा मुलगा हवा भरायची नळी हातात धरून तन्मयतेने बघत होता. मागे टेम्पो हॉर्न देत होता. घाईत मी बाहेरची चेन खस्सकन वर ओढली. छातीपाशी काहीतरी अडल्यासारखं वाटलं. जोर लावला. गेली.

तिथून किन्हवलीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना भाताची आवणी चालली होती. डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बायका ओळीने वाकलेल्या. एका बांधावर एक म्हातारबाबा चक्क इरलं घेऊन उभे होते. बांबूच्या कामट्या, मधे पानं, डोक्यापासून कमरेपर्यंत छप्पर. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी, खालून वारा खेळता, अस्तर नाही, चेन नाही. ते घालून मोटरसायकल मात्र चालवता येणार नाही. साठच्या वेगाला त्याचं शीड होईल आणि माणूस माळशेजच्या ऐवजी मुरबाड तहसील कचेरीच्या छपरावर उतरेल.

मी ज्या तालुक्यातून पाणी अंगाला लागू नये म्हणून एवढा खटाटोप करत चाललो होतो, तो मुंबईला पाणी पाजणारा तालुका आहे. तानसाचं धरण १८९२ चं. पुढे भातसा झालं आणि मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्यात त्याचा वाटा मोठा. आणि ह्याच शहापुरातल्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकर फिरतो. बाया हंडे घेऊन त्याच्यामागे धावतात. हे दर वर्षी छापून येतं, दर वर्षी आपण वाचतो आणि गीझर लावून आंघोळीला जातो. जाऊ दे.

किन्हवली मागे पडली आणि ऊन पडलं. साधंसुधं नाही, श्रावणातलं आषाढात. पाच मिनिटांत रस्त्यातून वाफा निघायला लागल्या आणि जॅकेटातूनही निघाल्या असत्या, पण निघायला वाट नव्हती. ह्या अस्तराची जाहिरात अशी की पाणी आत येत नाही, घाम वाफ होऊन बाहेर जातो. जातो, नाही असं नाही. पण बाहेरची हवा कोरडी असली तर मजेत जातो. कोकणातल्या जुलैत हवाच इतकी ओली की घाम दारापर्यंत येतो, बाहेर डोकावतो आणि माघारी फिरतो. वर बाहेरचं कापड आधीच भिजून जड झालेलं. मी आतून ओला, बाहेरून ओला आणि मधलं अस्तर तेवढं, कंपनीच्या शब्दाला जागून, ठणठणीत कोरडं.

सरळगावच्या नाक्यावर गाडी लावली, हेल्मेट काढलं, चेन धरून खाली ओढली. हलेना. वर ओढली. हलेना. अस्तराची कड रनरमध्ये गच्च चावली गेली होती. गळ्यापर्यंत बंद झालेला मी वडापावच्या गाडीसमोर स्वतःशीच कुस्ती खेळू लागलो. डोक्यावरून काढावं म्हटलं तर खांद्याचे गार्ड कानांशी अडले. त्या अवस्थेत, दोन्ही हात वर आणि तोंड जॅकेटात, मला पहिला प्रश्न ऐकू आला.

"साहेब, लाईट कधी येनार?"

दोन दिवस गावात वीज नव्हती. बूट, हातमोजे, हेल्मेट, छातीवर चमकणारी पट्टी: मी वायरमन असणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मी नाही म्हटलं तेव्हा एकाने, "मंग बिबट्यावाले का?" असं विचारलं. तिसऱ्याला वाटलं मोजणीला आलोय. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेल्यापासून अनोळखी माणूस शेताकडे बघताना दिसला की लोकांचा जीव टांगणीला लागतो. मी फिरायला आलोय असं सांगितलं, तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. एवढं अंगावर घालून कुणी हौसेने फिरतं, यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

शेवटी वडेवाल्याने मला शेजारच्या टेलरकडे पाठवलं. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग, मशिनवर निळी पँट, कोपऱ्यात इस्त्री. टेलरमामांनी चष्मा वर केला, चेनीला नाक लागेपर्यंत वाकले आणि म्हणाले, "कापू?"

"नको!"

"कितीचं आहे?"

"दीड हजार," मी म्हणालो. चौदा हजार म्हणायला जीभ रेटली नाही.

मामांनी मेणबत्तीचा तुकडा काढला. चेनीच्या दातांवरून खालीवर घासला. मग पक्कड घेऊन रनरच्या एका बाजूची कड केसभर उचकटली आणि चिमटीत अस्तर धरून एक एक दात मागे घ्यायला लागले. मी हनुवटी छताकडे करून उभा. मामांच्या केसांना तेलाचा वास. माझा घाम त्यांच्या चष्म्यावर टपटपत होता. ते न बोलता पुसत होते.

गणवेश न्यायला आलेली एक बाई बाकावर बसली होती. चिखल पोटऱ्यांपर्यंत वाळलेला, थेट आवणीतून आलेली. तिने मागून माझ्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या.

"ह्ये काय पाठीला?"

गार्ड, मी वर बघतच म्हणालो. मला या विषयावर बोलायला आवडतं, कुणी विचारत नाही इतकंच. लेव्हल एक आणि लेव्हल दोन असते, दोनमधून निम्माच दणका अंगापर्यंत पोचतो, बऱ्याच जॅकेटांत पाठीला नुसता स्पंजाचा तुकडा देतात, खरा गार्ड वेगळा घ्यावा लागतो, असं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं.

"वाकताना कंबरंला आधार देतं का?"

"नाही. पडल्यावरच उपयोग."

"आमी पडत नाय," ती म्हणाली. "वाकतो."

मग तिने पदराने बाक पुसला, पोराची हाफपँट उलगडून शिवण ओढून पाहिली आणि अजून आठ-दहा दिवस आवणी आहे, असं मामांना सांगत बसली. माझ्याकडे त्यावर काही लेव्हल नव्हती.

चेन सुटली. जॅकेट अंगावेगळं झालं तेव्हा सरळगावात मला जो वारा लागला तसा लडाखातही लागणार नाही. मामांनी अस्तर झटकलं आणि आतलं लेबल बाहेर लोंबलं. त्यांनी ते वाचलं. चष्मा खाली करून पुन्हा वाचलं. घडी घालून आत ठेवलं.

"दहा रुपये द्या," ते म्हणाले.

आता कुणी न विचारता सल्ला. घाटाखाली गाडी चालवायची तर जाळीचं जॅकेट घ्या, गार्ड चांगले घ्या आणि पाऊस आला की वरून साधा रेनकोट चढवा. पाणी बाहेरच्या बाहेर अडवावं, घरात घेऊन अडवू नये. थंडीला आत स्वेटर आहेच. बारमाही काही हवंच असेल तर ते हेल्मेट, आणि त्यात मी गंमत करत नाही. आयएसआयचा शिक्का नसलेलं हेल्मेट दुचाकीस्वाराला विकायला २०२१ पासून बंदी आहे, तरी मिळतं. चांगलं हेल्मेट विकत घेऊन ते कोपरात अडकवून महामार्गावर नव्वदने जाणारी पोरं दिसली की माझं डोकं फिरतं. कोपर मोडलं तर प्लास्टर घालतात, बाबांनो.

माळशेज पाहिला नाही. टोकावड्यापासून पुढे नुसतं धुकं होतं. परत फिरलो आणि मुरबाडच्या बाजारात रेनकोट मागितला. पौषात म्हशाच्या जत्रेला आला असतात तर घोंगडी घेतली असतीत, असं दुकानदाराने हळहळत सांगितलं. माझ्या मापाचा एकच रेनकोट शिल्लक होता, भगभगीत पिवळा. जॅकेटवरून तो चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोरडा निघालो.

गावाबाहेर एका डीपीपाशी एक काका रस्त्याच्या मधोमध येऊन दोन्ही हात हलवायला लागले. थांबलो. त्यांनी काही न विचारता खांबाकडे बोट केलं. नाही म्हणायचं अगदी ओठांवर होतं, पण ते फार वेळचे उभे असावेत. मी काच वर केली आणि खांबाकडे नीट पाहिलं.

"फ्यूज असेल," मी म्हणालो.

"मी सकाळपासून तेच सांगतोय!" काका ओरडले, आणि मागे वळून त्यांनी अख्ख्या वाडीला हाक मारली.