उत्तराची तारीख

"किती टक्के झालं?"

पावसाळ्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. कशाचे टक्के, हे सांगावं लागत नाही. गुलमंडीवरचा दुकानदार, रिक्षावाला, शाळेतल्या बाई, सगळ्यांना जायकवाडी धरणाचा आजचा साठा तोंडपाठ असतो. नळाला पाणी आता कधी येणार, याच्या खुणा इथल्या घराघरांत कॅलेंडरवर केलेल्या दिसतात. धरण भरलं म्हणून नळ सुधारत नाही, हेही आम्हाला पक्कं ठाऊक आहे. तरी टक्के विचारतो, कारण त्या आकड्याला एक तारीख बांधलेली आहे.

15 ऑक्टोबर. त्या दिवशी जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असला, तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. हा आकडा कुणा मंत्र्याच्या मर्जीतून आलेला नाही. मेंढेगिरी अभ्यासगटाने 2013 मध्ये हिशेब मांडला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 च्या आदेशाने त्याला बळ दिलं. प्राधिकरणाच्या पाठीशी 2005 चा कायदा होता, आणि 2016 मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं.

2023 मध्ये पावसाने दगा दिला. त्या 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 च्या बरीच खाली होती. 30 ऑक्टोबरला साडेआठ टीएमसीहून थोडं जास्त पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वर विरोध झाला, इथे लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी निघालं. महिना वाया गेला, याचा मला अजून राग आहे. पण पाणी आलं. आकडा नसता, तारीख नसती, तर आम्ही पुढाऱ्यांच्या बंगल्यासमोर हात जोडून उभे असतो.

आता तो आकडा 58 वर आणावा अशी दुसऱ्या अभ्यासगटाची शिफारस आहे. मला ती मान्य नाही. पाऊस जितका बेभरवशाचा होत जाईल तितकी खालच्या धरणाला शिल्लक जास्त लागते. पण प्राधिकरणाने त्यावर हरकती मागवल्या, म्हणजे भांडण आकड्यांवर आणि उघड्यावर चाललं आहे. असंच चालायला हवं.

योगायोग असा की ब्रिटनमध्येही 15 ऑक्टोबर ही उत्तराची तारीख आहे. तिथे 2008 मध्ये हवामानबदलाचा कायदा झाला आणि त्या कायद्याने एक स्वतंत्र समिती नेमली. शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, उद्योगातले जाणकार तिच्यात बसतात. दर पाच वर्षांसाठी देशाने किती कार्बन सोडायचा, याची मर्यादा समिती सुचवते. मग दरवर्षी 30 जूनपर्यंत संसदेला सांगते, की सरकार बोललं किती आणि केलं किती. त्या अहवालाला सरकारने 15 ऑक्टोबरपर्यंत लेखी उत्तर द्यायचं, तेही संसदेपुढे. सल्ला ऐकलाच पाहिजे असं बंधन नाही, पण ऐकला नाही तर का नाही, हे सांगावं लागतं.

2023 च्या जूनमध्ये या समितीचे अध्यक्ष होते जॉन गमर. हुजूर पक्षाचे जुने मंत्री. सत्तेवर सरकारही हुजूर पक्षाचंच. तरी त्यांच्या शेवटच्या अहवालात समितीने लिहिलं, की सरकार ठरलेली उद्दिष्टं गाठेल हा आमचा भरवसा बराच कमी झाला आहे. आपल्याच पक्षाच्या सरकारबद्दल इतकं स्पष्ट लिहिता आलं, कारण समितीचा पाया कायद्यात होता. पैसे सरकारचेच, पण खुर्ची सरकारच्या लहरीवर नाही. हा श्रीमंत देशांचा शौक आहे असंही कुणी म्हणू नये. दक्षिण आफ्रिकेने 2020 मध्ये असाच आयोग नेमला आणि 2024 च्या कायद्यात त्याला जागा दिली.

आणि आपण? तेच 2008 साल. 30 जूनला केंद्राने हवामानबदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आठ अभियानं आखली. त्यावर देखरेखीला जी परिषद होती, तिचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान. म्हणजे काम करणारं सरकार, तपासणारंही सरकार. महाराष्ट्रासाठी टेरी या संस्थेने ब्रिटनच्या हवामान खात्याच्या मदतीने अभ्यास केला, 2014 मध्ये अहवाल आला. मुंबईने मार्च 2022 मध्ये स्वतःचा आराखडा काढला, पुढे हवामानासाठी वेगळं अंदाजपत्रकही मांडलं. चांगलं काम आहे, मोकळ्या मनाने म्हणतो. केंद्राच्या अमृत योजनेतल्या राज्यातल्या 43 शहरांनी शून्य उत्सर्जनाच्या जागतिक शर्यतीत नाव घातलं, त्यात आमचंही शहर आलं. शर्यत ठीक. घड्याळ कुणाच्या हातात आहे?

अशा एका आराखड्यावरच्या बैठकीला मी बसलो होतो. सल्लागार कंपनीची तरुण मुलं हुशार होती. नकाशे अचूक, उष्णतेचे पट्टे वॉर्डवार रंगवलेले. शेवटी मी विचारलं, दोन वर्षांनी यातलं काय झालं नाही, हे कोण लिहील? मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, "सर, आमची वर्क ऑर्डर आराखड्यापर्यंतच आहे."

दोष तिचा नाही. निविदा विभागाने काढायची, काम विभागाने द्यायचं, अंतिम बिल त्याच विभागाने मंजूर करायचं. अशा सल्लागाराकडून कडू बोल निघावेत ही अपेक्षाच चूक आहे. दवाखान्याचं बिल भरणाऱ्यानेच रक्ताचा रिपोर्ट लिहून घ्यावा, असला हा व्यवहार आहे.

आता कुणी म्हणेल, आणखी एक समिती कशाला? मराठवाड्याला समित्यांचा अनुभव भरपूर आहे, हे खरं. दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेष मोजून दाखवला. केळकर समितीने 2013 मध्ये अहवाल दिला, तो विधिमंडळात मांडायला 2014 चा डिसेंबर उजाडला. शहाणी माणसं आपल्याला मिळतात. उत्तर देणारे मिळत नाहीत.

आणि इथेच मला आमच्या शहरातल्या एका रिकाम्या घराबद्दल बोलायचं आहे. मराठवाडा वैधानिक विकास मंडळ. राज्यघटनेच्या 371 (2) कलमाने दिलेलं, 1994 मध्ये उभं राहिलेलं, मुख्यालय इथेच. त्या कलमात एक ओळ आहे, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. ब्रिटनने 2008 मध्ये जी चौकट उभी केली, तिचा अर्धा सांगाडा आपल्या घटनेत 1956 च्या सातव्या दुरुस्तीपासून पडून आहे! प्रदेशासाठी वेगळी संस्था, राज्यपालांची विशेष जबाबदारी, वार्षिक अहवाल. उरलेला अर्धा म्हणजे सरकारने ठरल्या तारखेला उत्तर देण्याचं बंधन. तेवढं मात्र कुणी घातलं नाही.

मंडळाच्या कामात उणिवा होत्या. नेमणुका अनेकदा पक्ष बघून झाल्या, अहवाल सभागृहात फारसे गाजले नाहीत. पण इलाज म्हणून दार बंद करायचं का? 30 एप्रिल 2020 ला मंडळाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला, पण मंडळ काही उभं राहिलं नाही. त्यानंतर 2023 चा कोरडा पावसाळा गेला. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, नांदेडची शेतं मातीसकट वाहून गेली, जायकवाडीचे दरवाजे उघडून लाखांत क्युसेकने पाणी सोडावं लागलं. ज्या मराठवाड्यात 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच मराठवाड्यात आता जनावरं दावणीला बुडून मेली. या दोन टोकांमधलं काय बदललं, त्यासाठी कोणती कामं ठरली होती आणि त्यातली कोणती झालीच नाहीत, हे एकत्र लिहून सभागृहात ठेवायला मराठवाड्याकडे आज कुणी नाही.

माझी मागणी साधी आहे. हे मंडळ पुन्हा उभं करा आणि त्याला हवामानाचं काम द्या. सदस्य पक्षाचे नकोत. जल आणि भूमी व्यवस्थापनाची वाल्मीसारखी संस्था 1980 पासून याच शहरात आहे, परभणीत कृषी विद्यापीठ आहे. पाणी, माती, पीक जाणणारी माणसं इथे आहेत. त्यांना ठरावीक मुदतीची नेमणूक द्या, मधेच काढता येणार नाही अशी. खरीप हाती यायच्या आत त्यांचा अहवाल येऊ दे. सरकारचं उत्तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, शिफारशीनिहाय.

मंडळ उभं राहीपर्यंतही थांबायचं कारण नाही. मराठवाड्यातून 46 आमदार निवडून जातात. त्यांच्यापैकी एकाने 2014 चा तो टेरीचा अहवाल उघडावा, आपल्या भागाला लागू पडणारी एकेक शिफारस काढावी आणि तीन रकाने भरून मागावेत: झालं, नाही झालं, कधी होणार. माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना मी तसं पत्र लिहिलं आहे. सोबत कोरा तक्ता जोडला आहे.