खाली बघा

आप्पांच्या घरी गेलं की ‘या, बसा’ असं कुणी म्हणत नाही. दारातच ‘खाली बघा’ अशी आज्ञा होते. नवखा माणूस दचकून एक पाय उचलतो. त्याला वाटतं, काहीतरी तुडवलं. तुडवलेलं असतंच. त्याची थोरवी त्याला पुढच्या चाळीस मिनिटांत कळते.

घर दाखवणाऱ्यांची जमात तशी मोठी आहे. कुणी खिडकीपाशी नेऊन दोन टॉवरांच्या फटीतून बोटभर समुद्र दाखवतं. कुणी स्वयंपाकघरातला ड्रॉवर तीनतीनदा ढकलून तो न आपटता कसा मिटतो ते ऐकायला लावतं, म्हणजे न ऐकायला लावतं. आप्पा या सगळ्यांना उथळ मानतात. त्यांचा विषय एकच, फरशी.

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतली आमची इमारत १९३०च्या दशकातली. तीन मजली, बारा बिऱ्हाडांची, गोलाकार गॅलऱ्यांची. आप्पांच्या हॉलमध्ये गेरूच्या, काळ्या आणि सायीच्या रंगांची नक्षी आहे, कडेने काळी पट्टी, आणि मधोमध फुलं. एका फरशीत फक्त पाव फूल असतं. चार फरश्या कोपऱ्याला कोपरा लावून बसल्या की फूल पुरं होतं. हे सांगताना आप्पा दोन्ही हातांनी अशी जुळवाजुळव करून दाखवतात की बघणाऱ्याला वाटावं, गवंडी स्वतः हेच होते.

आता एक कबुली द्यायला हवी. हीच फरशी आमच्याही घरात आहे. बाराही घरांत आहे. आमच्याकडे तिच्यावर लिनोलियम, लिनोलियमवर गव्हाची कोठी आणि कोठीवर बाबांची वर्तमानपत्रांची रद्दी आहे. आमच्या उघड्या दारावरून जाताना आप्पांचा चेहरा देवळात गोदाम काढलेलं पाहावं तसा होतो.

फरशी ‘उठून दिसावी’ म्हणून आप्पांनी घरातलं बाकी सगळं बसवून टाकलं आहे. सोफा भिंतीला इतका चिकटवला की त्यावर बसलेला माणूस तसबिरीसारखा दिसतो. मधलं शिसवी टेबल फूल झाकत होतं, म्हणून ते माळ्यावर गेलं आणि काचेचं आलं. काचेवर चहाचा कप ठेवला की पाहुणा उठेपर्यंत आप्पांचं लक्ष त्या कपाखाली दबलेल्या पाकळीकडे. पडदे सायीच्या रंगाचे. पाहुणे येणार असले की काकूंनी पोपटी साडी नेसायची नाही, कारण ‘तो रंग फरशीशी भांडतो’. काकू म्हणतात, “फरशीशी मीही भांडले असते, पण ती ऐकून घेते, त्यामुळे मजा येत नाही.”

दिव्यांचा अभ्यास तर स्वतंत्र. वरून पांढरी ट्यूब लावली की फरशीवर चकाकी येते आणि नक्षी मरते, हा शोध त्यांना साठीत लागला. मग घरात ‘केल्व्हिन’ हा शब्द शिरला. सहा हजार पाचशे केल्व्हिनचा दिवा म्हणजे शवागार. सत्तावीसशेचा म्हणजे संध्याकाळची दिवेलागण. आता हॉलमध्ये गुडघ्याच्या उंचीवर दोन पिवळसर दिवे आहेत. त्यांत फरशी खरोखर देखणी दिसते, हे मान्य करायला हवं. माणसं मात्र खालून उजेड पडल्यामुळे नाटकातल्या वेताळासारखी दिसतात.

याच उजेडात त्यांच्या मुलीचा, म्हणजे आमच्या ताईचा, बघण्याचा कार्यक्रम झाला होता. मुलाकडची मंडळी आली, ‘खाली बघा’ झालं, सगळ्यांनी माना खाली घातल्या. एरवी असल्या प्रसंगी मुलीने खाली बघायचं असतं. त्या दिवशी ताई पोह्यांचा ट्रे घेऊन मान वर करून उभी आणि समोर सात माणसं लाजल्यासारखी जमिनीकडे बघत बसलेली. त्यातून मुलाचे मामा सिव्हिल इंजिनीअर निघाले. “घातलेली आहे की ओतलेली?” असं त्यांनी विचारलं आणि पोहे गार झाले. लग्न जमलं नाही. मामा अजून येतात.

ही फरशी बनते कशी, हे आप्पांकडून ऐकावं. “भट्टी नाही बरं का! चिनी मातीची नव्हेच ही.” साच्यात पितळी पट्ट्यांची चौकट ठेवायची, एकेका खणात एकेक रंगाचं सिमेंट ओतायचं, चौकट अलगद उचलायची, वर वाळू-सिमेंटचा थर द्यायचा, दाबयंत्राखाली दाबायचं आणि मग पाण्यात ठेवायचं. “मुरवायची. लोणच्यासारखी!” रंग वरवर फासलेला नसून थरातच असल्यामुळे तो पावलांनी लवकर पुसला जात नाही. ॲसिडने मात्र सिमेंट खाल्लं जातं. म्हणून कामाच्या बाईंना पहिल्या दिवशी बाथरूममधली ॲसिडची बाटली दाखवून शपथ घालण्यात येते. दोघी शपथेलाच सोडून गेल्या.

फरशीचं कूळ पाहुण्यानुसार बदलतं. भाचा अमेरिकेहून आला की ती इंग्लंडची मिंटन असते, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहे तिची सख्खी बहीण. (त्या संग्रहालयात आप्पा आम्हाला एकदा घेऊन गेले होते. जुन्या मुंबईची एवढी कवतिकं मांडलेली, पण आम्ही दोन तास जमीन पाहून परत आलो.) खादीचा झब्बा घातलेला कुणी आला की तीच फरशी स्वदेशी होते: १९२२ साली फिरोजशा सिधवांनी भारत टाइल्स काढली, परदेशी फरशीच्या तोडीची फरशी इथे घडवून दाखवली, वगैरे. दोन्ही प्रकारचे पाहुणे एकाच वेळी आले तेव्हा आप्पांनी तब्येत बरी नसल्याचं सांगितलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक मोठं पितळी घंगाळ आहे, पाण्याने भरलेलं, वर झेंडूची फुलं. येणारा प्रत्येक जण म्हणतो, “वा, घंगाळ काय सुरेख!” आणि आप्पांचं तोंड पडतं. घंगाळाचं रहस्य काकूंनी मला सांगितलं. त्याच्याखालची फरशी तडकलेली आहे. आप्पांच्या आईच्या हातून तिथे मुसळ पडलं होतं. तो तडा झाकायला इतकं देखणं भांडं ठेवलं की आता सगळ्यांची नजर नेमकी तिथेच जाते.

मग आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. मोजणीला एक तरुण आला, हातात लेझरचं यंत्र. आप्पांनी दोन्ही पिवळे दिवे लावून ठेवले होते. “खाली बघ,” ते म्हणाले. तो भिंतीवरचा लाल ठिपका बघत होता. “काका, जरा सरका, कार्पेट मोजतोय.”

“कार्पेट?” आप्पा दुखावले. “या घरात नव्वद वर्षांत कार्पेट आलेलं नाही. येऊ दिलेलं नाही!”

मुलगा समजूतदार होता. २०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या कशी आहे ते त्याने समजावलं: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या नाहीत, बाल्कनी नाही.

“आणि फरशी?”

“फरशीचं काय, काका?”

“ती कशात धरता?”

त्याने यंत्र खिशात घातलं आणि उत्साहाने सांगितलं, “नवीन बिल्डिंगमध्ये व्हिट्रिफाइड मिळेल ना! दोन बाय दोनची. एकदम प्लेन.”

इमारत रिकामी करण्याआधी आप्पांनी फरशा काढायला दोन माणसं लावली. सिमेंटमध्ये नव्वद वर्षं रुतलेली वस्तू, छिन्नी लागली की भाकरीसारखी मोडायची. तीन दिवसांत एकच हाती लागली: घंगाळाखालची. मुसळाच्या घावाने ती आधीच सैल झालेली होती.

गेल्या महिन्यात त्यांच्या भाड्याच्या घरी गेलो होतो. सवयीने दारातच मान खाली घातली, तर पायाखाली मऊ लागलं. काकूंनी हॉलभर लालभडक गालिचा अंथरला होता आणि त्यावर पोपटी साडी नेसून, पाय पसरून त्या वाटाणे सोलत बसल्या होत्या.

“खाली काय बघतोस?” आप्पा आतून ओरडले. “वर बघ!”

सोफ्यावरच्या भिंतीवर, सागवानी चौकटीत, सत्तावीसशे केल्व्हिनच्या उजेडात तडा गेलेलं पाव फूल लटकत होतं.

“तीन फरशा कमी पडतात,” आप्पा म्हणाले. मग आवाज उतरवून, “तुमच्या घरी लिनोलियमखाली होत्या ना रे? त्या काढताना काही...?”

“आधी बसू दे त्याला,” काकू म्हणाल्या आणि गालिच्यावरची साल बाजूला सारून मला जागा केली.