दाबा, धरा, सोडा

जुन्या प्रीमियर पद्मिनीचा मालक ओळखायला गाडी दिसावी लागत नाही. लग्नाच्या पंगतीत जो गृहस्थ लोणच्याच्या खारानं पानावर मास्टर सिलिंडरची आकृती काढून दाखवत असतो, तो तोच. वय साठीच्या पुढे, खिशात पेनाशेजारी टेस्टर, नखांत कायमचं काळं. आपण त्यांना पद्मिनीकाका म्हणू.

काकांची गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हराखाली उभी असते. मूळची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात तिची आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि शेवटी पद्मिनी झाली. काका तिला नुसतं 'ही' म्हणतात. "सकाळी हिचं प्रेशर एकदम गेलं," एवढं फोनवर ऐकून काकूंची धाकटी बहीण डाळिंबं घेऊन आली होती.

प्रेशर गेलं होतं ब्रेकचं. या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि तेलाची लाइन एकच. एका चाकाशी तेल गळलं की चारही चाकांचा दाब जातो. पुढच्या काळातल्या गाड्यांना दोन वेगळ्या लाइनी आल्या. काकांच्या मते ते माणसाचा माणसावरचा विश्वास उडाल्याचं लक्षण.

ब्रेक लागत नाही म्हटल्यावर गॅरेजवाला "मास्टर सिलिंडर बदलून टाकू" म्हणतो. हे वाक्य काकांना सहन होत नाही. आधी निदान! त्यासाठी त्यांना एक पाय लागतो. पेपरवाल्याचा, जावयाचा, कुणाचाही.

"बसा. दाबा. काय वाटतं?"

"लागत नाही ब्रेक."

"ते मलाही ठाऊक आहे हो! मऊ वाटतं, की खोल जातं?"

मऊ, स्पंजी वाटलं तर लाइनमध्ये हवा. खोल जातं, पण दोनतीनदा पंप केल्यावर वर येऊन कडक होतं, तर शू झिजून ड्रमपासून लांब गेलेत, ॲडजस्ट करा. दाबून धरलं की पॅडल हळूहळू खाली सरकतं आणि बाहेर तेलाचा थेंब नाही, तर मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत दाब सोडतंय. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, तर बहुधा उजव्या ड्रममध्ये तेल उतरलंय. सगळं बिनचूक. गॅरेजात चार सुटे भाग बदलून जे कळतं, ते काका एका पायावर फुकट सांगतात. पण निदान एवढ्यात संपावं, हे त्यांना मानवत नाही. ते दुसऱ्या पायाचं मत घेतात. मग तिसऱ्या.

रविवारी भोवती मंडळी जमतात. कुणीतरी "थोडं इंजिन ऑइल ओता, काय होतंय," असं सुचवतं. त्या तेलानं ब्रेकची रबरं फुगतात. सुचवणाऱ्याशी काका पुढे वर्षभर बोलत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, घाटउतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि पॅडल थेट जमिनीला टेकतं. हे शास्त्र ते महाबळेश्वरला निघालेल्या नव्या जोडप्याला जिन्यात थांबवून समजावतात. "जाताना चढ आहे, काळजी नाही. पसरणी घाट उतरताना आठवण ठेवा."

खरा सोहळा हवा काढण्याचा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. काका खाली, भाचा आत. "दाब! धर! सोड!" निपल बंद होण्याआधी पाय सुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. भाच्याचा पाय हमखास आधी सुटायचा. त्यानं सीए व्हायचं ठरवलं ते याच काळात.

आता मुद्द्याचं. हिचे ब्रेक जातात का? ही हलत नाही म्हणून. उभ्या गाडीत रबर वाळतं, सिलिंडरला आतून गंज धरतो, घट्ट बसलेला पिस्टन मागे फिरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तोवर तिच्या बहिणी रोज सिग्नलला थांबत होत्याच की! यावर उपाय एकच, गाडी चालवणं. पण ब्रेकची पक्की खात्री झाल्याशिवाय काका गाडी बाहेर काढत नाहीत, आणि गाडी बाहेर निघत नाही तोवर ब्रेकची खात्री होत नाही. काकूंनी हे एकदा बोलून दाखवलं. काका म्हणाले, "तुला त्यातलं कळत नाही." कळत होतं, म्हणून तर त्या रिक्षानं जातात.

तेव्हा "जरा पाय द्या हो" अशी हाक आली तर जरूर जा, चहा मिळतो. फक्त गाडीत बसण्याआधी चाकाला वीट लावलेली आहे ना, तेवढं बघा. हँडब्रेकचं निदान काकांनी अजून हातात घेतलेलं नाही.