सुरईची मान

बीदरच्या चौबाऱ्याच्या आसपास बिदरी कामाची लहान लहान दुकानं आहेत. पाटीवर मालकाच्या नावाखाली हल्ली वेबसाइटचा पत्ताही असतो. अशाच एका दुकानाची वेबसाइट फोनवर उघडली, तर आधी नुसताच काळोख दिसला. मी बराच वेळ त्याकडे आदराने पाहत राहिलो. बिदरीचा रंगच काळा, शंका यायला जागा नव्हती. मग त्या काळोखात वरून खाली, सावकाश, चांदीची एक वेल उतरू लागली. ती सुरईची मान होती. पोट पाहायचं तर पडदा बाजूला सरकवायचा, बूड पाहायचं तर खाली, आणि बुडाशी पोचेपर्यंत मान कशी होती ते विसरून जायचं. दाराच्या फटीतून मिरवणूक पाहावी तशी ती सुरई मी पाहिली.

दुकानाच्या मालकांना मी चाचा म्हणतो. त्यांच्या कानावर हे घातलं तर ते समजुतीने हसले. “भतीजा बनाया जी. बहोत बडा बनाया.” यात तक्रार किती आणि अभिमान किती, ते काही कळेना. पुतण्याने वेबसाइट कंप्युटरच्या रुंद पडद्यावर बनवली होती आणि तिथे ती शोभतेही. साडेपाचशे वर्षं जागचा न हललेला महमूद गवानचा मदरसा एका बाजूने सरकत येतो, दुसऱ्या बाजूने किल्ला सरकत जातो आणि मधोमध सुरई. पाहणारा मात्र उदगीरच्या एसटीत उभा असतो. एका हाताने वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात फोन, आणि साऱ्या कारभाराला मोकळा असा एकच अंगठा.

2007 साली आयफोन आला तेव्हा बहुतेक पानं रुंद पडद्यासाठीच रचलेली होती. म्हणून पान 980 पिक्सेल रुंद आहे असं फोन मनाशी धरून चाले आणि आक्रसून दाखवी. पानाच्या माथ्यावर ‘पडद्याची रुंदी तीच तुझी’ अशा अर्थाची एक ओळ लिहिली की त्याचा तो समज जातो. जागा पाहून अंग चोरणाऱ्या पानांची रीत ईथन मार्कॉट यांनी 2010 मध्ये मांडली. 21 एप्रिल 2015 पासून गूगलनेही फोनवरच्या शोधात अशा पानांना वरच्या पंगतीला बसवायला सुरुवात केली. आमच्या पुतण्याने ती ओळ लिहिलेली होती. फक्त सुरईला ठोक 1200 पिक्सेल रुंदी देऊन ठेवली होती. फोनने ओळ पाळली, सुरईने पाळली नाही.

गंमत अशी की जागेच्या तंगीत काम कसं करावं हे चाचांना कुणी शिकवायला नको. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेल्या भांड्यावर ते मोरचूद चोळतात, म्हणजे काळवंडलेल्या अंगावर रेघ उठून दिसते. मग छिन्नीने खाच पाडून तीत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर लागला की जस्त कायमचं काळं पडतं, चांदी लख्ख राहते. सुरईवरची वेल लहान डबीवर घ्यायची असली, तर चाचा ती आहे तशी बारीक करत नाहीत. दोन पानं गाळतात, देठाला वेगळं वळण देतात, कळी तेवढी ठेवतात. ही विद्या घरातच असताना पुतण्या ती कुठल्याशा व्हिडिओतून शिकत होता.

मी हे सांगितलं तेव्हा त्याने वही काढली. “मग सर, काय काढू?”

दुकानदाराला विचारू नये असा हा प्रश्न. कन्नड, उर्दू, मराठी, इंग्रजी, चारही लिप्यांतलं नाव राहणार होतं; उर्दू उजवीकडून सुरू होते म्हणून तिची ओळ वेगळी सांभाळायची. पण गिऱ्हाईक फोन करून काय विचारतं म्हटल्यावर चाचा झटकन बोलले: भाव काय, आणि शुक्रवारी दुकान उघडं असतं का. एवढंच! तो फोन नंबर चित्रात कोरलेला होता, दाबून लागत नव्हता. दहा आकडे पाठ करून लावावे लागत. आता तो अंगठ्याला सापडेल एवढा मोठा होऊन वर आला, त्याखाली भाव आणि वेळ. फोटोचं वजन उतरलं. सुरई मानेपासून बुडापर्यंत एका नजरेत मावली.

राहिले मदरसा आणि किल्ला. ते सरकवायला पुतण्याने रात्री जागवल्या होत्या. काढून टाक, असं मी म्हणणार तोच चाचांनी हात वर केला. “रहने दो जी, बच्चा मेहनत किया.”

तेव्हा मदरसा अजून सरकतो, फक्त फोन नंबरच्या खाली.