परदेश, व्हाया गोंदिया

पुण्याच्या माणसाला परदेशी जायला विमान लागत नाही. रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि गाडी संपेल तिथे उतरायचं. कोल्हापूरहून निघालेली ही गाडी अख्खं राज्य आडवं कापत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकते. तिथून वडशाकडे जाणारी पॅसेंजर धरून मी बदलीच्या गावी, अर्जुनी मोरगावला पोहोचलो. त्याच सुमारास माझा चुलतभाऊ दुबईला रुजू झाला. निरोप देताना आई आणि काकू दोघीही रडल्या. काकू थोडी कमी रडली, कारण दुबई कुठे आहे हे तिला ठाऊक होतं.

इथे नवख्याची पहिली परीक्षा ताटात होते. हा धानाचा मुलूख. सकाळी भात, रात्री भात, मधे भूक लागलीच तर पोहे. मी पोळी मागितली तेव्हा घरमालकीणबाईंनी काळजीने विचारलं, "काऊन जी, बरं नाही का?"

तेवढ्यात थंडी पडली. गोंदियाचा पारा डिसेंबरात दहाच्या खाली सहज उतरतो आणि माझ्याकडे पुण्याचा शोभेचा स्वेटर. कोणीतरी म्हणालं, आपल्याच तालुक्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, स्वेटरवाले सगळे तिथलेच. गेलो. नॉर्ग्येलिंग असं तिचं नाव, १९७२ साली वसलेली. पण स्वेटरवाले स्वेटर विकायला परगावी गेलेले! हिवाळा हा त्यांच्या धंद्याचा हंगाम. घरी होती ती म्हातारी मंडळी. बर्फातून आलेल्या या माणसांनी धानाच्या बांधीत पाय रोवले आणि पारा ४५ अंशांकडे झेपावणारे मे महिने पचवले. त्यांच्यातल्या एका आजोबांसमोर मी बदलीचं रडगाणं लावलं. तीन वर्षं काढायचीत हो, म्हटलं. आजोबा प्रसन्न हसले.

"आमी बी थोड्या दिवसासाठीच आलो होतो जी."

त्यानंतर बदलीबद्दल मी कोणाजवळ चकार शब्द काढलेला नाही.

इकडे दुबईकर बंधू मोबाइलवर निळे-जांभळे दिवे पाठवत होता. खाली प्रश्न : तुमच्याकडे नाईटलाइफ आहे का रे? आता याला काय सांगायचं! दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, कुठे शंकरपट होतो, लेकी माहेरी येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि रात्री अख्खं गाव नाटकाला बसतं. झाडीपट्टीचं नाटक. या कंपन्यांची राजधानी शेजारचं वडसा. नाटकाच्या नावात कुंकू, रक्त किंवा सासू यांपैकी एक असतंच; तिन्ही असली तर तिकीट आधी काढून ठेवावं.

दहाचं नाटक साडेदहाला सुरू होतं. मी घड्याळ पाहिलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "बसा ना जी, पहाटवरी हाय." मंडपात जमीन उतरती खणलेली, त्यामुळे मागच्यालाही नायिकेचे अश्रू दिसतात. संवाद झाला की गाणं, गाण्यावर वन्समोअर, मग एक लावणी. तिचा कथेशी संबंध विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा. पहाटे तीनला सासूने नायिकेला घराबाहेर काढलं. माझ्या पुढच्या मावशी पदराने डोळे पुसत मागे वळल्या आणि म्हणाल्या, "लगन झालं का जी तुमचं?" मंडईच्या पाहुण्यांत सोयरिकी जुळतात, हे मला तेव्हा कळलं. दोन मुलं आहेत म्हटल्यावर मावशी खऱ्या रडल्या.

भावाचा क्लब तीनला बंद होतो. आमच्याकडे तीनला खलनायकाला नुकता कंठ फुटलेला असतो. शिवाय या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दुबईच्या एखाद्या डीजेला मिळाल्याचं ऐकिवात नाही. सकाळी घोंगड्या खांद्यावर टाकून माणसं घरी गेली, तोंड धुतलं आणि धानाच्या चुरणीला लागली. मी मात्र दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपलो.

कोणाला यायचं असेल तर दिवाळी ते होळीच्या दरम्यान या. दुसऱ्या दिवशीची रजा आधी टाकून ठेवा. लग्नाळू मुलगा असेल तर त्याला पुढच्या रांगेत बसवा. आणि स्वेटर पुण्यातूनच घेऊन या, इथे तो हिवाळ्यात मिळत नाही.