नळीतला पेच

आमच्या घरात साडेचार फुटांहून लांब अशी एकच वस्तू आहे, आणि भाईंदरच्या वन-बीएचकेत साडेचार फूट म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. पणजोबांची ठासणीची बंदूक गेली बत्तीस वर्षं आमच्या माळ्यावर तिरकी पडून आहे. तिच्या एका बाजूला आमच्याकडे ख्रिसमस नसूनही कुणीतरी दिलेला प्लॅस्टिकचा सूचिपर्णी वृक्ष, दुसऱ्या बाजूला लग्नातलं मोठं पातेलं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खाली उतरते. हळदकुंकू, झेंडू आणि एक पेढा यांच्या बळावर पुन्हा वर्षभराचा उपास करायला वर जाते.

पणजोबा एका संस्थानच्या चाकरीत होते. घरी सांगतात ते असं : त्यांचा नेम इतका अचूक आणि बार इतके अगणित की झाडून झाडून नळीतले पेच गेले. पेच म्हणजे नळीच्या आत पिळाने कोरलेल्या खाचा. भोवऱ्याला दोरी जे करते तेच खाचा गोळीला करतात. गिरकी घेत सुटलेली गोळी सरळ जाते, गिरकी नसलेली गोळी बाहेर पडली की तिची तीच जाणे. एनसीसीत आम्हाला पॉइंट टू-टू रायफलवर हे शिकवलं होतं. माझ्या गोळ्या कागदावर कुठेही लागत आणि उस्ताद म्हणायचे, “बेटा, नाली घिसी हुई है.” माणूस दयाळू होता. शेजारच्या मुलाच्या गोळ्या त्याच नळीतून एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील अशा पडत.

तर निवृत्त झाल्यावर माझ्या मनाने घेतलं की पणजोबांची बंदूक नीट करायची. निवृत्त माणसाच्या मनाने घेतलेल्या गोष्टींची एक यादी आमच्या सौभाग्यवतींकडे असते. तीत बोन्साय, हार्मोनियम आणि आंबोळीचं पीठ घरी दळणं यांच्याखाली चौथी नोंद पडली.

आता कायद्याचं सांगतो, कारण शेजाऱ्यांना पहिली शंका तीच येते. ही बंदूक आजोबांच्या हयातीतच कायमची मुकी केलेली आहे. बत्तीचं भोक बुजवलं, नळीच्या बुडाशी पोलाद ओतून झाळलं, तसा कागदही आहे आणि तो बंदुकीपेक्षा जास्त जपून ठेवलेला आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात 45 वं कलम आहे. जुन्या धाटणीचं किंवा मोडकं शस्त्र कायद्याच्या कचाट्यातून सुटतं, पण एका अटीवर : दुरुस्त न करता नाहीच, दुरुस्त करूनही ते चालता कामा नये. नुसतं थकलेलं असून भागत नाही, ते निकामी असावं लागतं, आणि पुढेही निकामीच राहणार याची खात्री असावी लागते. मी हे कलम दोनदा वाचलं आणि पेन्शनच्या पावतीकडे एकदा पाहिलं. परवान्याच्या बंदुकांची कटकट याहून मोठी. निवडणूक जाहीर झाली की त्या पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम निघतात. आमच्याकडे तर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असं स्वतंत्र आयुक्तालयच झालंय. आमच्या निकामी बाईला मात्र कुणी बोलावत नाही.

म्हणजे नळी दुरुस्त करायचीच नव्हती. नुसतं रूप परत आणायचं होतं. तसं सौभाग्यवतींना समजावताना मला माझाच आवाज थोडा खोटा वाटला, कारण मनात सारखं येत होतं : आत नवीन पेच घातलेले किती छान दिसतील!

पहिलं काम रंगाचं. आमच्या वडिलांना ऑइलपेंटची आवड होती. खिडकीच्या ग्रिलला चांदीचा रंग दिला की उरलेला बंदुकीला. असे बहुधा सात-आठ थर. थिनरने ते उतरवायला मला नऊ दिवस लागले. बाल्कनीत बसून चिंध्या काळ्या करत होतो आणि खाडीवरून खारा वारा येत होता. भाईंदरचा वारा हा स्वतंत्र प्रकार आहे. आजूबाजूला मिठागरं, पलीकडे वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनची सुकत घातलेली मासळी. इथे लोखंड नुसतं गंजत नाही, ते खारवलं जातं. काळ्या दारूची राखही मिठासारखीच, हवेतलं पाणी ओढून घेणारी. म्हणून त्या काळचे शिपाई बार उडवून झाले की नळी कढत पाण्याने धूत. पणजोबांनी धुतली असेलच. आम्ही बत्तीस वर्षं खाडीकाठी ठेवली आणि वर चांदी फासली.

आठव्या दिवशी चापाच्या बाजूची पट्टी उघडी पडली. मुकुट, खाली दोन इंग्रजी अक्षरं, मग 1859 आणि एक शब्द : टॉवर. नातू शेजारी बसला होता. तो म्हणाला, “आजोबा, कुठल्या टॉवरमधली? लिफ्ट आहे?” भाईंदरात वाढलेल्या मुलाचा दोष नाही. आमच्याकडे चार मजली चाळीलाही टॉवर म्हणतात. लंडनच्या किल्ल्यातल्या शस्त्रागाराचा तो ठसा असतो, हे मी त्याला सांगितलं. त्याला लिफ्टचंच उत्तर हवं होतं.

लाकूड अक्रोडाचं निघालं. घरात सगळे शिसवी म्हणत आले होते. दस्त्याला जवसाचं तेल लावायचं असतं, हळूहळू, तळव्याने चोळून, दिवसाआड. दुकानदाराने विचारलं, “चटणीला की भिंतीला?” मी म्हटलं बंदुकीला. त्याने बिल न देता बाटली दिली आणि पैसे मोजताना माझ्याकडे पाहत राहिला. खरं तर या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकायच्या नसतात, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी त्या बाल्कनीच्या दोरीवर पसरून वाळवल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की ही कुठली नवीन पद्धत.

पण मुख्य प्रश्न नळीचा. भाईंदर पूर्वेला औद्योगिक वसाहतींची गर्दी आहे. स्टीलच्या कामाचे बारीक बारीक कारखाने, गाळ्यांतून पॉलिशचा घोंघाट. तिथे आमचे एक ओळखीचे लेथवाले मिस्त्री आहेत. माझ्या जुन्या स्कूटरच्या सिलिंडरला त्यांनीच स्लीव्ह टाकून दिली होती. झिजलेल्या रायफलीलाही हाच उपाय करतात म्हणे : नळी मोठी करायची, आत पेच असलेली नवी बारीक नळी बसवायची. शिंप्याने फाटक्या कोटाला अस्तर घालावं तसं. मिस्त्रींना मी फोनवर म्हटलं, मला करून घ्यायचं नाही, फक्त झिजलंय किती ते मोजून द्या. ते रविवारी व्हर्नियर खिशात घालून घरी आले. पाठोपाठ भजी आली.

टॉर्च लावून त्यांनी नळीच्या तोंडात पाहिलं, कापूस गुंडाळून गंज पुसला, मग व्हर्नियरचे ओठ आत घातले. उभं मापलं, आडवं मापलं, तिरकं दोनदा मापलं. भजी हातात तशीच.

“काका, साडेसोळा मिलिमीटर.”

मी सांगितलं की पुस्तकात अशाच दिसणाऱ्या एनफील्ड रायफलची नळी साधारण चौदा पॉइंट सात दिलीय. म्हणजे जवळजवळ दोन मिलिमीटर झिजली. अभिमानाने सांगितलं. एवढे बार!

मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, “हे झिजलेलं नाय. झिजलेलं एका बाजूला झिजतं. गज सारखा एकाच बाजूला घासला की तोंड अंड्यासारखं होतं. हे बघा, चारही बाजूंनी सारखं. हे मशीनवर बोअर केलंय. सुरुवातीलाच.” मग दस्त्याकडे वळून म्हणाले, “आणि मागची साइट बघा. नुसती खाच. लांबचा नेम धरायला शिडी असते ना? शिडी कधी बसवलीच नाय. पेच गेले नाहीत, काका. आलेच नव्हते.”

त्यांच्या हातात त्यापूर्वी कधी बंदूक आलेली नव्हती. त्यांनी फक्त लोखंडाला विचारलं.

नंतर मी शोधलं तेव्हा सगळं जुळलं. 1857 च्या उठावाला जी चरबीची काडतुसं निमित्त झाली ती एनफील्डच्या पेचदार बंदुकीची. त्या बंदुकीचा नेम दूरवर जायचा, आणि उठावाने इंग्रजांना धडा असा मिळाला की देशी शिपायाच्या हाती इतकं चांगलं हत्यार देणं बरं नव्हे. मग 1858 आणि 1859 सालच्या नमुन्याची बंदूक हिंदुस्थानी पलटणींसाठी निघाली. दिसायला तीच, लाकूड तेच, पितळ तेच, फक्त नळी आतून गुळगुळीत, मोठ्या मापाची. शंभर पावलांपर्यंत ठीक, पुढे रामभरोसे. फळीवर ओळीने उभी केली तर साहेबाची कुठली आणि शिपायाची कुठली ओळखू येऊ नये, असा तो सगळा शिष्टाचार. पणजोबांना नोकरीत मिळाली ती यातलीच एक, पुढे संस्थानांकडे गेलेली. मी त्या काळ्या गुळगुळीत भोकाकडे बराच वेळ पाहत बसलो. नवे पेच घालायचे स्वप्न तिथेच संपलं. जे मुळात काढून घेतलेलं होतं ते मी “पुन्हा” घालायला निघालो होतो. पुन्हा हा शब्दच चुकीचा.

खरी अडचण आत्याची होती. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची, मीरा रोडला राहते, आणि पणजोबांच्या नेमाची सर्वाधिकारी रक्षक आहे. दोन वाघ, एक अस्वल आणि कलेक्टरसाहेबांच्या पैजेत झाडावरचा नारळ ही तिची ठरलेली कागदपत्रं. पेच नसलेल्या बंदुकीने शंभर पावलांपलीकडे नारळ? मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, मिस्त्रींचं माप, शिडी नसलेली साइट, 1857, सगळं. शेवटी म्हटलं, “आत्या, नळीत पेच नव्हतेच गं. ती आधीपासून गुळगुळीतच होती.”

आत्याने चहा खाली ठेवला. मला वाटलं आता रडणार.

“नव्हतेच?”

“नव्हतेच.”

“म्हणजे पेच नसतानाही मारत होते!” ती म्हणाली, आणि चेहऱ्यावर असं तेज आलं की मला भीतीच वाटली. “बघ! मी तुम्हाला इतकी वर्षं सांगते तर पटत नव्हतं. साहेबांना शिड्या लागायच्या, आमच्या आजोबांना नाही.”

त्याच संध्याकाळी तिने सांगलीच्या धाकट्या चुलत भावाला फोन लावला, मग ठाण्याला, मग अमेरिकेतल्या नातीला, तिथे पहाट असूनही. खंडेनवमीला बंदूक खाली उतरली तेव्हा दस्ता जवसाने चमकत होता, पितळ पिवळं झालं होतं, आणि नळीच्या तोंडात नातवाने झेंडू खोचला होता. तो घट्ट बसला नाही. साडेसोळा मिलिमीटर म्हणजे मोठं भोक, देठ हलत राहिलं. मिस्त्री गाळ्यातल्या लेथची पूजा आटोपून आले होते, कपाळावर तसाच टिळा. आत्याने त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. मी कान देऊन ऐकत होतो. वाघ आता तीन झाले होते.