केंद्रप्रमुखांचा प्राणायाम

दसऱ्याला हिंगोलीच्या ज्या रामलीला मैदानावर रावण जळतो, तिथंच रोज सकाळी साहेब पेन्शनरांना फैलावर घेतात. साहेब म्हणजे निवृत्त केंद्रप्रमुख. २०१५च्या २१ जूनला, पहिल्या योग दिनी, पोरांकडून ताडासन करून घ्यायचा आदेश आला. तो त्यांनी निवृत्तीनंतरही मागं घेतलेला नाही.

त्यांची फौज साठीपुढची. कुणी वसमतच्या हळदीच्या आडतीवर जन्म काढलेले मुनीम, कुणी एसटीचे कंडक्टर. व्यायाम म्हणाल तर मान हळू फिरवायची, खांदे सैल सोडायचे, झाडाला हात टेकून एका पायावर उभं राहायचं. पासष्टीनंतर तोल सांभाळायचा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये सुचवलं. साहेबांनी ते परिपत्रक धरलं, आणि परिपत्रक म्हटलं की अंमलबजावणी आलीच, रजिस्टर आलंच. रकाने चार: नाव, आसन, सेकंद, शेरा.

"मुनीमजी, डोळे मिटा. मन शांत करा. झालं का? नाही? मग इतका वेळ काय करायलाव!"

एवढ्यावर शांत व्हायला बसलेलं मनही दचकून उभं राहतं. चिनी ताई ची त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि 'असं रेंगाळलं तर तासिका कधी संपायची' म्हणून नापास केलं. स्वतः साहेब एका पायावर कधीच दिसत नाहीत; तपासणीला आलेल्यानं पेपर सोडवायचा नसतो. तरी त्यांचा रक्तदाब ठणठणीत. आतली सगळी वाफ ते दुसऱ्यांवर सोडतात, असा माझा संशय आहे.

मध्यंतरी नर्सी नामदेवच्या एक आजी लेकीकडं आल्या होत्या. साहेबांनी त्यांनाही रांगेत उभं केलं.

"मला आसनं-बिसनं येत नाईत बा. पावली येते."

आणि पदर खोचून, टाळाबिगर, आजी सुरू. दोन पावलं पुढं, एक मागं, भार या पायावरून त्या पायावर, गुडघ्यात किंचित झुकून, श्वास विठ्ठलनामाच्या लयीत. दर आषाढीला पंढरीची वाट तुडवणारे पाय ते, तोल जायचं नावच नाही. बघता बघता मुनीमजी मागं लागले, कंडक्टर लागले, सेकंद कुणी मोजेना.

साहेबांनी रजिस्टरात 'इतर' असा नवा रकाना आखला आणि शेरा मारला: 'गुडघे सरळ नाहीत.' मग शिस्तीसाठी जोरात शिट्टी फुंकली. आजींना वाटलं, साहेब ताल धरायलेत. त्यांनी पाऊल आणखी उचललं.